पाळतीचा संशय आला तर : फोन, घर आणि कार्यालय तपासण्याचा क्रम

संशयाची सुरुवात बहुधा एखाद्या वाक्याने होते. फक्त बहिणीशी फोनवर बोललेली गोष्ट सासरी कोणाच्या तरी तोंडून ऐकू येते, दोघाच भागीदारांना ठाऊक असलेल्या निविदेच्या दराहून जेमतेम थोडा कमी दर प्रतिस्पर्ध्याच्या पाकिटातून निघतो, किंवा जुन्या नोकरीतले साहेब ‘काल ठाण्याला गेला होतात म्हणे’ असे सहज विचारून जातात. अशा वेळी मनात पहिला शब्द येतो तो ‘हॅकिंग’, आणि जुलै २०२१ मधील बातम्यांनंतर दुसरा येतो तो ‘पेगॅसस’. फोनमध्ये गुपचूप शिरून हेरगिरी करणारे इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे ते हत्यार खरे आहे आणि घातकही आहे. व्हॉट्सॲपने २०१९ मध्ये केलेल्या खटल्यात सुमारे १,४०० जणांच्या फोनना लक्ष्य केल्याचा आरोप होता. पण ही कंपनी आपण फक्त सरकारी यंत्रणांनाच ते विकतो असे सांगत आली आहे, आणि त्याची किंमत व खटाटोप पाहता निविदेच्या दरासाठी किंवा संसारातल्या संशयासाठी कोणी ते वापरणार नाही. त्यासाठी पुरतो तो आपल्या फोनचा चार आकडी पिन, जो घरात लहान मुलांनाही पाठ असतो.

म्हणून पुढचा क्रम आपल्यापर्यंत सहज पोहोचू शकणाऱ्या माणसापासून सुरू होतो आणि सरकारी यंत्रणेपर्यंत सर्वांत शेवटी येतो.

आधी वही, मग फोन

सेटिंग्जमध्ये हात घालण्याआधी एका कागदी वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : कोणती माहिती फुटली, ती केव्हा फुटली, आणि ती मुळात कोठे कोठे होती. हे काम कंटाळवाणे वाटले तरी निम्मा तपास येथेच होतो, कारण फुटलेल्या माहितीच्या प्रकारावरून तिची वाट ओळखता येते. समोरच्याला आपण कोठे होतो एवढेच कळत असेल, पण काय बोललो ते कळत नसेल, तर स्थान वाटून देणारे एखादे ॲप, गाडीतील ट्रॅकर किंवा पिशवीतील टॅग शोधावा. संदेशांचा शब्दशः मजकूर कळत असेल, तर खाते दुसऱ्या एखाद्या उपकरणावर उघडे असण्याची शक्यता मोठी. कोणाला किती वाजता फोन केला हे कळते पण संभाषण कळत नाही, असे असेल तर कॉलची नोंद किंवा बिल कोणाच्या तरी हाती लागते आहे. आणि बैठकीच्या खोलीत तोंडी झालेले बोलणे बाहेर जात असेल, तर उपकरणाआधी त्या खोलीत हजर असलेल्या माणसांची यादी करावी. ही शेवटची शक्यता कोणालाच आवडत नाही, आणि त्यामुळे ती तपासलीही जात नाही.

ही नोंद संशयित फोनवर करू नये. त्याच फोनवर ‘फोन हॅक झाला आहे का’ असे शोधूही नये. विश्वासातील व्यक्तीचा फोन किंवा संगणक वापरावा. घरात मारहाण किंवा धमकीची पार्श्वभूमी असेल तर सापडलेले ॲप लगेच काढून टाकणे धोक्याचे ठरू शकते, कारण पाळत बंद पडल्याचे पाळत ठेवणाऱ्याला त्याच क्षणी कळते. अशा वेळी आधी सुरक्षित जागा, दुसरा फोन आणि सोबतीचे माणूस यांची सोय करावी. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक उपलब्ध आहे.

फोन : तासाभराचे काम

अँड्रॉइड फोनमध्ये प्रत्येक कंपनीने सेटिंग्जची मांडणी वेगळी ठेवलेली असते, त्यामुळे वरच्या शोधपट्टीत शब्द टाकून पुढे जाणे सोपे पडते. पहिला शब्द ‘ॲक्सेसिबिलिटी’. दृष्टी किंवा हालचालीची अडचण असलेल्यांसाठी केलेली ही सोय ज्या ॲपला मिळते ते पडद्यावरचे सर्व काही वाचू शकते, आणि नेमकी म्हणूनच पाळतीची ॲप्स ती मागतात. येथे आपण स्वतः सुरू न केलेले एकही नाव असता कामा नये. त्यानंतर ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’, ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’, ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ आणि ‘व्हीपीएन’ ही चार ठिकाणे त्याच नजरेने पाहावीत. पाळतीची ॲप्स स्वतःला ‘सिस्टम सर्व्हिस’ किंवा ‘सिंक’ यांसारखी निरुपद्रवी नावे देतात आणि त्यांचे चिन्ह पडद्यावर दिसत नाही, तेव्हा ॲप्सची पूर्ण यादी उघडून पाहणे आवश्यक आहे. प्ले स्टोअरमधील ‘प्ले प्रोटेक्ट’ही पाहावे, आपण बंद केलेले नसताना ते बंद असेल, तर ती मोठी खूण आहे, कारण अशी ॲप्स टाकताना ते आधी बंद करावे लागते.

आयफोनमध्ये छुपे ॲप टाकणे अवघड असल्यामुळे पाळत बहुतेक वेळा आयक्लाउडच्या पासवर्डमधून होते. ॲपल खात्याला कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत ते पाहावे, ‘जनरल’ विभागात अनोळखी प्रोफाइल, म्हणजे दुसऱ्याला फोनवर नियंत्रण देणारी मांडणी, नाही ना याची खात्री करावी, आणि आयओएस १६ पासून आलेल्या ‘सेफ्टी चेक’मधून कोणाला काय दिसते याचा आढावा घ्यावा. फेस आयडीमध्ये ‘दुसरा चेहरा’ नोंदवण्याची सोय असते. अँड्रॉइडमध्ये अनेक बोटांचे ठसे नोंदवता येतात. दोन्ही ठिकाणी जुन्या नोंदी पुसून स्वतःची नव्याने करावी आणि पिन सहा आकडी ठेवावा, जो लग्नाची तारीख किंवा गाडीचा नंबर नसेल.

बॅटरी लवकर उतरणे किंवा फोन गरम होणे या खुणांवर मात्र माझा फारसा भरवसा नाही. तीन वर्षांचा फोन मे महिन्याच्या उन्हात गरम होणारच.

व्हॉट्सॲपसाठी ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ हा एकच पर्याय सर्वांत आधी उघडावा. उघडा फोन अर्धा मिनिट हाती लागला तरी समोरच्याला आपले व्हॉट्सॲप त्याच्या संगणकाशी जोडता येते, आणि मग फोनला पुन्हा हात न लावता सर्व संदेश तेथे दिसत राहतात. अनोळखी नोंद दिसली तर आधी दुसऱ्या फोनने तिचे छायाचित्र घ्यावे, मगच ती काढावी. त्यानंतर ‘टू स्टेप व्हेरिफिकेशन’चा सहा आकडी पिन लावावा आणि बॅकअपला एन्ड टू एन्ड एन्क्रिप्शन द्यावे, अन्यथा संदेश वाटेत सुरक्षित राहूनही त्यांची प्रत गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर त्या कवचाविना पडून राहते.

फोनमध्ये पाळतीचे ॲप सापडलेच आणि पोलिसांत तक्रार करायची नसेल, तर फॅक्टरी रीसेट हा खात्रीचा उपाय आहे; तक्रार करायची असेल तर तो फोन पुरावा म्हणून तसाच जपून ठेवावा. मात्र रीसेटनंतर ॲप्सचा जुना बॅकअप जसाच्या तसा परत घेऊ नये. छायाचित्रे व संपर्क घ्यावेत आणि ॲप्स एकेक करून नव्याने टाकावीत.

ईमेल, जेथे कोणी पाहत नाही

फोन धुऊनपुसून स्वच्छ केला तरी मुख्य ईमेल फुटलेला असेल तर कष्ट वाया जातात, कारण बँकेपासून समाजमाध्यमांपर्यंत प्रत्येक खात्याचा पासवर्ड बदलण्याचा दुवा तेथेच येतो. जीमेल संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडून सेटिंग्जमधील फॉरवर्डिंग, फिल्टर आणि ‘ग्रँट ॲक्सेस’ या तीन जागा पाहाव्यात. एखाद्याने एकदाच खाते उघडून ‘बँकेकडून आलेली प्रत्येक मेल अमुक पत्त्यावर पाठव’ असा फिल्टर लावलेला असेल, तर पासवर्ड बदलूनही तो काम करीतच राहतो. मोबाइल ॲपमध्ये या जागा नीट दिसत नसल्यामुळे हा प्रकार वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. गुगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ विभागात जोडलेली उपकरणे, पासवर्ड परत मिळवण्यासाठी दिलेला फोन क्रमांक आणि पर्यायी ईमेल हेही तपासावेत. घरातल्याच कोणीतरी हौसेने खाते काढून दिले असेल, तर तो क्रमांक आजही त्याचाच असतो. गुगल मॅप्समध्ये ‘लोकेशन शेअरिंग’ कोणाशी चालू आहे ते पाहून घ्यावे.

सिमकार्ड आणि कॉलची नोंद

आपला क्रमांक कोणाच्या नावावर आहे, या प्रश्नाला बरेच लोक हसतात. कनेक्शन पतीच्या, वडिलांच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल, तर तपशीलवार बिल मागण्याचा आणि बदली सिम घेण्याचा मार्ग त्यांच्याकडे असतो. बदली सिम हाती आले की ओटीपीही त्यांच्याकडेच जातात. खासगी व्यवहारांसाठी स्वतःच्या नावावरचा क्रमांक असणे ही म्हणून पहिली गरज आहे. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर आपल्या नावावर किती कनेक्शन आहेत ते पाहता येते, आणि आपले नसलेले कनेक्शन तेथूनच कळवता येते.

कॉल दुसरीकडे वळवले जात आहेत का हे *#२१# लावून कळते, आणि सर्व वळवणे ##००२# ने रद्द होते. फोन बंद असताना किंवा उचलला नाही तर कॉल कोठे जातो हे सांगणारे संकेत लावल्यावर एखादा अनोळखी क्रमांक दिसू शकतो. तो पुष्कळदा मिस्ड कॉलची सूचना देणाऱ्या मोबाइल कंपनीचाच असतो, आणि त्यावरून ‘फोन टॅप झाला’ असे सांगणारे संदेश दर काही महिन्यांनी फिरत राहतात. कुरिअर किंवा बँकेचे नाव सांगून कोणी *४०१* ने सुरू होणारा क्रमांक लावायला सांगितला, तर मात्र तो सापळाच समजावा.

कॉलच्या नोंदीला पोलिसी भाषेत सीडीआर म्हणतात. तीत कोणी कोणाला केव्हा, किती वेळ फोन केला, हँडसेटचा आयएमईआय क्रमांक काय आणि जवळचा टॉवर कोणता हे असते, बोलणे नसते. अशा नोंदी बेकायदा मिळवून विकणाऱ्यांचे जाळे २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी उघड केले, तेव्हा अटक झालेल्यांत खासगी गुप्तहेरही होते. लग्नाआधी स्थळाची ‘चौकशी’ करून देणारी मंडळी आपल्याकडे जाहिराती करून धंदा करतात. शेजारीपाजारी विचारपूस करणे वेगळे आणि सीडीआर मिळवून देतो असे सांगणे वेगळे. दुसरे करणाऱ्याला पैसे देणारा गिऱ्हाईकही गुन्ह्यात ओढला जाऊ शकतो.

खोली आणि गाडी

एप्रिल २०१५ मध्ये गोव्यातील कांदोळी येथे कपड्यांच्या एका दुकानातील कॅमेऱ्याचा रोख कपडे बदलण्याच्या खोलीकडे असल्याची तक्रार तत्कालीन केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांनी केली. कंपनीचे म्हणणे असे होते की तो छुपा नव्हता, दुकानाच्या सुरक्षेसाठी लावलेला होता. हे म्हणणे जसेच्या तसे धरले तरी शिकण्यासारखे पुष्कळ उरते : कॅमेरा उघड असला म्हणून त्याचा कोन निर्दोष असतो असे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील सीसीटीव्हीचे चित्रीकरण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले आणि अटक झालेल्यांत महाराष्ट्रातील तरुणही निघाले. तेथेही कॅमेरे रुग्णालयाने स्वतःच बसवलेले होते. घरी किंवा सोसायटीत कॅमेरे असतील तर बसवणाऱ्याने ठेवलेला मूळ पासवर्ड आजच बदलावा, आणि रेकॉर्डर बाहेरून इंटरनेटवर पाहण्याची सोय गरज नसेल तर बंद करावी.

हॉटेलची किंवा भाड्याची खोली पाहताना पलंग व न्हाणीघर यांच्याकडे तोंड करून असलेल्या आणि वीजजोडणी असलेल्या वस्तूंपासून सुरुवात करावी : चार्जर, घड्याळ, धूरसूचक, सेटटॉप बॉक्स. दिवे मालवून टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरून हळूहळू फिरवला की भिंगावरून ठिपक्यासारखी चमक परत येते. अंधारात पाहणाऱ्या कॅमेऱ्याचे अवरक्त दिवे काही फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात जांभळट दिसतात; आपल्या फोनला ते दिसतात का, हे आधी टीव्हीच्या रिमोटवर करून पाहावे. वायफायवरील उपकरणांची यादी तपासणे उपयोगी असले तरी मेमरी कार्डावर साठवणारा कॅमेरा तीत दिसणारच नाही. आरशाला बोट लावून प्रतिबिंबातील अंतर पाहण्याची प्रसिद्ध युक्ती भरवशाची नाही, आणि बाजारात मिळणारी स्वस्त शोधयंत्रे शेजारच्या वायफायवरही वाजतात.

गाडीत सीटखाली, डिकीच्या अस्तराखाली, चाकावरच्या कमानीच्या आतून आणि स्टिअरिंगखाली मेकॅनिक तपासणीचे यंत्र लावतात त्या ओबीडी जोडणीत हात फिरवून पाहावा. शंका राहिल्यास ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी उचलून पाहता येते. बिल्ल्याएवढे टॅग आपल्याबरोबर फिरत असतील तर आयफोन सूचना देतो, आणि अँड्रॉइडमध्येही ‘अननोन ट्रॅकर’ शोधण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे.

कार्यालय : नोकरदाराची बाजू

कंपनीचा लॅपटॉप हा कंपनीच्या मालकीचे कपाट आहे असे समजूनच वापरावा. त्यावर पडद्याची चित्रे घेणारी, कळा नोंदवणारी आणि कोणती फाइल पेनड्राइव्हवर गेली हे सांगणारी सॉफ्टवेअर असू शकतात, आणि तशी ती असणे भारतात सरसकट बेकायदा नाही. घरच्या ब्राउझरमध्ये पत्त्यापुढे कुलूप दिसले की संकेतस्थळावरील मजकूर वाटेत कोणाला दिसत नाही, फार तर संकेतस्थळाचे नाव दिसते. कंपनीने लॅपटॉपमध्ये स्वतःचे सर्टिफिकेट बसवलेले असेल तर मात्र हे कुलूप तिच्याच किल्लीने उघडते. त्यामुळे व्हॉट्सॲप वेब, बँक, डॉक्टरांचे अहवाल आणि दुसऱ्या नोकरीचा अर्ज या चार गोष्टी त्या यंत्रावर करूच नयेत. ब्राउझरची ‘गुप्त’ खिडकी येथे काहीही वाचवत नाही.

स्वतःच्या फोनवर कार्यालयाची मेल घेण्याआधी जी संमतीची पाटी येते ती, एरवी कोणीच वाचत नसले तरी, वाचावी. अँड्रॉइडमधील ‘वर्क प्रोफाइल’ असेल तर कंपनीचा अधिकार त्या कप्प्यापुरता राहतो. पूर्ण फोनचा ताबा मागितला जात असेल, तर नोकरी सोडताना कंपनी संपूर्ण फोन दुरून पुसू शकते हे जाणून निर्णय घ्यावा, किंवा कंपनीकडे वेगळा फोन मागावा.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा येथे दोन्हीकडे पाहतो. त्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी, आणि मालकाला हेरगिरी किंवा व्यापारी गुपित फुटण्यासारख्या नुकसानापासून वाचवण्यासाठी, कर्मचाऱ्याच्या संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा आहे. मात्र सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींना त्यापुढे १८ महिन्यांचा अवधी दिला गेला. तोवर मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे : काय नोंदवले जाते, किती दिवस ठेवले जाते, कोण पाहते. सौम्य भाषेतील अशा ईमेलला आलेले उत्तर, किंवा न आलेले उत्तर, पुढे कामाला येते. स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याच्या जागेत कॅमेरा मात्र कोणत्याही धोरणाने वैध होत नाही.

कार्यालय : मालकाची बाजू

लहान उद्योगातील गुपिते बहुतेक वेळा अतिशय साध्या वाटेने बाहेर जातात. टॅलीचा एकच पासवर्ड पाच जण वापरतात, त्यामुळे गिऱ्हाइकांची यादी कोणी उतरवली हे कधीच कळत नाही. नोकरी सोडून गेलेला माणूस सहा महिने विक्रीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राहतो. कोटेशनच्या चुकलेल्या प्रती रद्दीत जातात आणि रद्दी किलोच्या भावाने विकली जाते. तेव्हा प्रत्येकाला वेगळे लॉगिन द्यावे, माणूस जाईल त्या दिवशीच त्याचे सर्व प्रवेश बंद करण्याची एक छापील यादी ठेवावी, आणि कागद फाडण्याचे यंत्र घ्यावे.

माहिती नेमकी कोणाकडून फुटते हे शोधायचे असेल तर जुनी पण परिणामकारक पद्धत आहे : महत्त्वाच्या कागदाची प्रत्येकाला दिलेली प्रत किंचित वेगळी ठेवायची. एकीत परिमाण दशांश चिन्हानंतर एका अंकाने वेगळे, दुसरीत परिच्छेदाचा क्रम वेगळा. बाहेर आलेली प्रतच आपला धनी सांगते. याउलट कर्मचाऱ्यांचे खासगी फोन तपासणे किंवा त्यांच्या व्यक्तिगत खात्यात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ व ६६ खाली स्वतः मालकाचाच गुन्हा होऊ शकतो. आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही, सारी भिस्त करारावर असते. म्हणून गोपनीयतेचा करार नेमणुकीच्या दिवशीच करावा. ‘दोन वर्षे दुसरीकडे नोकरी करणार नाही’ हे कलम त्यात घालून फार आशा ठेवू नये, कारण भारतीय करार कायद्याचे कलम २७ अशा बंधनाला सहसा उभे राहू देत नाही.

संरक्षण क्षेत्राशी संबंध असलेल्यांना बाहेरून येणारा धोका वेगळ्याच रूपात भेटतो. २०१८ मध्ये नागपुरात ब्राह्मोस एरोस्पेसच्या एका अभियंत्याला अटक झाली, तेव्हा तपास यंत्रणेचे म्हणणे असे होते की समाजमाध्यमांवरील बनावट महिला खात्यांनी परदेशी नोकरीचे आमिष दाखवून त्याच्याकडून काही ॲप्स लॅपटॉपवर उतरवून घेतली. मे २०२३ मध्ये पुण्यात डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने अटक केली, तेथेही आरोप व्हॉट्सॲपवरून जुळलेल्या ओळखीचाच होता. संरक्षण खात्याला सुटे भाग पुरवणाऱ्या चाकण किंवा भोसरीतल्या कारखान्यातील आरेखकानेही ही पद्धत ओळखून ठेवावी : अनपेक्षित स्तुती, भरघोस पगार, मुलाखतीसाठी ‘आमचेच ॲप’ उतरवण्याचा आग्रह, आणि नमुना म्हणून आधीच्या कामाची एखादी फाइल. शेवटच्या दोन मागण्यांपैकी एक जरी आली तरी संभाषण तेथेच थांबवून वरिष्ठांना कळवावे. लाज वाटून लपवलेली पहिली चूक हीच पुढे धमकीसाठी वापरली जाते.

झेरॉक्सचे दुकान

शिष्यवृत्तीचा अर्ज असो की भाडेकरार, आधार व पॅन दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवून प्रिंट काढण्याची आपली सवय पाळत ठेवणाऱ्याचे कष्ट वाचवते. पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून तेच द्यावे, प्रतीवर आडवे कारण व तारीख लिहावी, दुकानात पेनड्राइव्ह न्यावा आणि काम झाल्यावर संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमधून फाइल आपल्यासमोर पुसायला सांगावी. आधारचे बायोमेट्रिक एरवी लॉक करून ठेवता येते.

सरकारी पाळत आणि तक्रार

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तरीही सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांसाठी गृहसचिवांच्या आदेशाने फोन ऐकता येतो. असा आदेश एका वेळी ६० दिवस आणि एकूण १८० दिवसांपर्यंत चालतो. या चौकटीबाहेर दिलेले आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये विनीत कुमार खटल्यात रद्द केले आणि त्या नोंदी नष्ट करण्यास सांगितले. पत्रकार, वकील किंवा आंदोलनातील कार्यकर्ते यांनी आयफोनमधील ‘लॉकडाउन मोड’ (हल्ल्याला वाट देऊ शकणाऱ्या सोयी बंद करणारी व्यवस्था) सुरू ठेवावा, फोन वेळच्या वेळी अद्ययावत करावा आणि ॲपलकडून धोक्याची सूचना आल्यास, जशी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस भारतातील अनेक नेत्यांना व पत्रकारांना आली होती, फोन न पुसता तज्ज्ञाकडे न्यावा.

खासगी व्यक्तीविरुद्ध तक्रारीसाठी कलमे वेगवेगळी लागतात. स्त्रीच्या खासगी क्षणांचे चोरून चित्रीकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली येते. तिच्या ईमेल, इंटरनेट किंवा संदेशांवर पुरुषाने नजर ठेवणे हा कलम ७८ खालील पाठलागाचा गुन्हा आहे. पीडित पुरुष असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६ आणि ६६ई उपयोगी पडतात. मात्र ‘चोरून केलेले रेकॉर्डिंग न्यायालयात चालत नाही’ या समजावर कोणी विसंबू नये : जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक दाव्यात जोडीदाराचे गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य धरले.

आर्थिक नुकसान झाले असेल तर लगेच १९३० वर फोन करावा. इतर तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात नोंदवता येते, आणि हद्दीचे कारण सांगून परत पाठवल्यास शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरता येतो. जाताना सुरुवातीची ती वही, तारखा दिसतील अशी पडद्याची छायाचित्रे आणि सापडलेले उपकरण कागदी पाकिटात घेऊन जावे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यामुळे मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू नये, दुरुस्तीला देऊ नये आणि खटला संपेपर्यंत रीसेटही करू नये; रोजच्या वापरासाठी दुसरा घ्यावा.